जुना लॅपटॉप टाकण्यापूर्वीं

लॅपटॉप मंदावला कीं नवा घ्यावा, असा विचार हल्लीं परभणी-सेलूकडील घरांतूनही ऐकूं येतो. आम्हांस तो मान्य नाहीं. मंदपणाचें कारण पुष्कळदां रॅम, म्हणजे यंत्राची तात्पुरती स्मृति, अपुरी पडणें हेंच असतें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील १९६० सालच्या टिफरॅक संगणकाची स्मृति अवघी सुमारें १० किलोबाइट होती. आज ८ जीबीची बोटभर पट्टी तिच्या आठ लक्षांहून अधिक पट सांठविते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढले खरे. तरी सोयाबीनच्या पैशांतून नवें यंत्र घेण्यापेक्षां ही पट्टी पुष्कळच स्वस्त. मात्र कांहीं लॅपटॉपांत रॅम डाख देऊन कायमची बसविलेली असते, आणि डीडीआर-३ च्या खांचेंत डीडीआर-४ बसत नाहीं. तेव्हां पालकांनीं दुकानदारास प्रथम तळाचें झांकण उघडावयास सांगावें.