दत्तक मांजराची सर्दी आणि आपली लेखणी

मांजर दत्तक घेण्याची पद्धत आपल्याकडे तशी अलीकडची. पूर्वी मांजर कोणी आणत नसे. ते आपणहून येई, चुलीपाशी जागा पटकावी आणि बघता बघता घरचे होऊन जाई. आता घरातील मुले प्राण्यांच्या निवाऱ्यात जातात, एखादे पिल्लू पसंत करतात, कागदावर सही होते आणि पाहुणा घरी येतो. आठवडा सरतो न सरतो तोच तो शिंकू लागतो. डोळ्यांतून पाणी गळते, नाक चोंदते, दुधामाशांकडेही तो पाठ फिरवतो. अशा वेळी घरात दोन मते पडतात. एक पक्ष म्हणतो, ‘आजारी जनावर आपल्या गळ्यात मारले, परत देऊन या.’ दुसरा म्हणतो, ‘डॉक्टरकाका आहेतच, त्यांना विचारू.’ माझ्या मते हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत, आणि दुसऱ्याची जबाबदारी थेट आपणा वैद्यकीय व्यावसायिकांवर येते.

प्रथम पहिल्या मार्गाविषयी. मांजरांच्या या सर्दीमागे बहुतांश वेळा दोन विषाणू असतात : मांजरांचा हर्पीस विषाणू आणि कॅलिसी विषाणू. हर्पीस कुळाची रीत आपणास ठाऊक आहे. एकदा शिरकाव झाला की हा विषाणू ट्रायजेमिनल गँग्लिऑनमध्ये दडून बसतो आणि शरीरावर ताण आला की डोके वर काढतो. मांजराला घर बदलण्याइतका मोठा ताण दुसरा नाही. ताणानंतर साधारण आठवड्याने विषाणू बाहेर पडू लागतो आणि पुढे एक-दोन आठवडे पडत राहतो. म्हणजे निवाऱ्यात ठणठणीत दिसलेले मांजर आपल्या घरी आल्यावर शिंकू लागले, तर त्यात कोणी फसवणूक केली असे मुळीच नव्हे. लस टोचली असली तरी ती आजाराची तीव्रता कमी करते. संसर्ग किंवा वाहकावस्था ती पूर्णतः टाळू शकत नाही. असे मांजर परत धाडणे म्हणजे त्याच्यावर दुसऱ्यांदा तोच ताण लादणे आणि आधीच दाटीवाटीने भरलेल्या निवाऱ्यात विषाणूची नवी फेरी सुरू करणे होय. परत आलेल्या आजारी मांजराला पुन्हा घर मिळणे किती अवघड, हे सांगावयास नको.

आता दुसरा मार्ग. आपण डॉक्टर असल्यामुळे आपल्या शब्दाला वजन असते, आणि नेमके तेच येथे घातक ठरते. मांजर म्हणजे लहान आकाराचा मनुष्य नव्हे. तापासाठी आपण डोळे मिटून लिहितो ते पॅरासिटामॉल घ्या. ग्लुक्युरोनाइड संयोगाची क्षमता मांजराच्या यकृतात अत्यल्प असते. परिणामी विषारी घटक साचतात, रक्तात मेटहिमोग्लोबिन वाढते, हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा सुजतो. पाचशे मिलिग्रॅमची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ‘हर्पीसच आहे, तर व्हॅलासायक्लोव्हिर देऊ’ हा तर्क वरकरणी बिनतोड. परंतु हे औषध मांजराच्या मूत्रपिंडाला, यकृताला व अस्थिमज्जेला प्राणघातक इजा करते. पशुवैद्य गरज भासल्यास फॅमसायक्लोव्हिर वापरतात. लाल डोळ्यासाठी आपल्या कपाटातील स्टेरॉइडयुक्त थेंब घालावे, तर हर्पीसमुळे झालेला कॉर्नियाचा व्रण चिघळतो. आजीबाईच्या बटव्यातील निलगिरीचे तेल, कापूर आणि बामही मांजराला विषासमान आहेत.

प्रतिजैविकांचेही तेच. मांजरांच्या श्वसनविकारांसाठी २०१७ साली प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, ताप, मरगळ वा अन्नावरील वासना उडणे ही लक्षणे नसतील तर दहा दिवसांपर्यंत प्रतिजैविकाविना निरीक्षण करावे. गरज पडलीच तर डॉक्सिसायक्लिनला प्राधान्य. पण कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून ती आकुंचित होऊ शकते, म्हणून मागाहून पाणी पाजावे लागते. असे बारकावे पशुवैद्यालाच ठाऊक. शिवाय भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ अन्वये पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यांनाच आहे.

‘रात्री पशुवैद्य मिळत नाही, पोर रडते आहे, मग काहीच करू नये काय?’ असा प्रश्न कोणी विचारील. करण्यासारखे पुष्कळ आहे, केवळ ते औषधांच्या दुकानात मिळत नाही. मांजराला एक शांत, उबदार खोली द्यावी. घरात दुसरे मांजर असल्यास त्यापासून ते वेगळे ठेवावे. दडून बसण्यास पुठ्ठ्याचे एखादे खोके ठेवावे; नेदरलँड्समधील एका निवाऱ्यात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा खोक्यामुळे नव्या मांजरांचा ताण लवकर उतरल्याचे दिसून आले. कोमट सलाइनने नाक-डोळे पुसावे. वास आला नाही की मांजर खात नाही, म्हणून अन्न किंचित कोमट करून द्यावे. भांडी व हात धुवावेत. कॅलिसी विषाणूवर अल्कोहोल फारसे चालत नाही, सोडियम हायपोक्लोराइटचे सौम्य द्रावण चालते. मात्र मांजर दिवसभर काहीच खात नसेल, तोंड उघडून श्वास घेत असेल, डोळा मिटून धरत असेल किंवा पिल्लू अगदी लहान असेल, तर विलंब न लावता पशुवैद्याकडे न्यावे. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते, हा धोका सर्दीहून मोठा आहे.

आपले खरे काम आहे ते माणसांचे. मांजराचा हर्पीस आणि कॅलिसी विषाणू मनुष्याला बाधत नाहीत, हा दिलासा कुटुंबाला आपणच द्यावा. क्वचित क्लॅमिडिया फेलिसमुळे डोळे येतात, आणि बॉर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांना त्रास देतो. घरात प्रत्यारोपण झालेला वा केमोथेरपी घेणारा रुग्ण असल्यास मांजराची चौकशी आपल्या प्रश्नावलीत असावी. २०२५ च्या आरंभी आपल्याच प्रदेशातील छिंदवाडा येथे पाळीव मांजरांमध्ये एच५एन१ बर्ड फ्लू आढळला. तेव्हा कच्चे कोंबडीमांस खाणाऱ्या मांजराला अचानक जबर आजार झाला, तर ती साधी सर्दी समजू नये.

इंदूरकरांना पशुवैद्यकाची उणीव नाही. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून आपल्या शेजारी उभे आहे. त्या विद्याशाखेशी आपला संबंध मात्र श्वानदंशाच्या रुग्णापुरताच उरला आहे. आपल्या वार्षिक व्याख्यानमालेत एक दिवस पशुवैद्याला बोलवावे आणि प्रत्येकाने आपल्या टेबलावरील काचेखाली एका पशुवैद्याचा दूरध्वनी क्रमांक ठेवावा, एवढी माझी सूचना आहे. शिंकणाऱ्या मांजराविषयी कोणी विचारले, की लेखणी खिशातच ठेवून तो क्रमांक द्यावा आणि सांगावे : ‘परत देऊ नका, थोडे थांबा, सांभाळा.’ मुक्या जिवावर याहून मोठा उपकार आपल्या हातून होणे नाही.