चार ओळींची वही

निजामपुऱ्यातल्या, आणि एकूणच भिवंडीतल्या, अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातून एक दोनशे पानी वही आणा आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी तिच्यात चार ओळी लिहा. आज काय खाल्लं, हवा कशी होती, रस्त्यात काय दिसलं, कोणाची आठवण आली. वर तारीख आणि वार टाका. बस, एवढंच.

मी घरी दहावी-बारावीच्या मुलांचे क्लास घेते. पुढे कॉलेजात गेलेली, गोदामात नोकरीला लागलेली मुलंसुद्धा संध्याकाळी डोकावून जातात. गप्पांना सुरुवात झाली की बोलतात किती! मंडईतला भाव, आईशी झालेलं भांडण, कोणाची झालेली आणि मोडलेली मैत्री. पण यातलं थोडं लिहून ठेवा म्हटलं की सगळ्यांचं उत्तर एकच, 'आपल्याकडे लिहिण्यासारखं काय आहे?'

हे उत्तर मला फार लागतं. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या ७,०९,६६५ होती. एवढ्या मोठ्या गावाचं नाव बाहेर निघतं कधी? १९८४ च्या दंगलीचा विषय निघाला की. गोदामाला आग लागली की. अंजूरफाट्यावर गाड्या तुंबल्या की. २१ सप्टेंबर २०२० ला पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली, तेव्हा दोन-चार दिवस सगळे कॅमेरे इथे होते. किती माणसं गेली ते छापून आलं, आणि ते यायलाच हवं होतं. पण आदल्या रात्री त्या घरांत काय शिजलं होतं, कोण कोणावर रुसून झोपलं होतं, कोणाचं कोणावर मन जडलं होतं, ते कुठेच नाही. ते फक्त त्या घरांतल्या कोणी लिहिलं असतं तरच राहिलं असतं.

म्हणून सांगते, आपल्या गावाचं रोजचं जगणं तुमच्याशिवाय कोणी लिहिणार नाही.

आता लिहायचं कसं? सुरुवातीला सगळीच मुलं निबंधासारखं लिहितात. 'पाऊस आला आणि मन प्रसन्न झालं.' असं लिहू नका. मन प्रसन्न झालं की नाही ते वाचणाऱ्याला आपसूक कळू दे, तुम्ही पाहिलेलं तेवढं लिहा. कामवारी नदीला पाणी चढलं की तीन बत्तीच्या बाजारात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. दुकानदार आधी काय उचलून वर ठेवतो? घरात पाणी शिरायला लागलं की आई आधी पिठाचा डबा उचलते की कागदपत्रांची पिशवी? गल्लीतल्या ओल्या सुताचा आणि तेलाचा मिळून एक वास येतो, तो दुसऱ्या कुठल्या गावच्या पावसाला येत नसेल. पाऊस म्हणजे चहा-भजी असं सगळेच म्हणतात. तुमचा पाऊस तुम्ही लिहा.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने वही सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात लिहिलं होतं, 'अब्बू घरीसुद्धा मोठ्याने बोलतात. मला वाटायचं रागावलेत. आज त्यांचा डबा द्यायला कारखान्यात गेले. तिथे ओरडल्याशिवाय काहीच ऐकू येत नाही.' चारच ओळी. यंत्रमागाच्या, लूमच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाचा आवाज घरीही चढलेलाच राहतो, हे एकोणीस वर्षं त्या घरात राहून तिला कळलं नव्हतं. तिने आपणहून ते पान माझ्याकडे आणलं तेव्हा मला पुढे काही बोलता आलं नाही.

खाण्याबद्दल तर भरपूर लिहा. मे संपता संपता, पहिल्या सरी आल्या की वाडा-शहापूरकडच्या आदिवासी बाया शेवळांच्या जुड्या घेऊन बाजारात बसतात. थोडेच दिवस मिळतात. शेवळं निवडायला बसा एकदा आईबरोबर. वरचा पापुद्रा काढायचा, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, नाहीतर घसा खाजतो. ती खाज मारायला बरोबर काकडं हवीत, म्हणून तीच बाई ती हिरवी आंबट फळंही शेजारी घेऊन बसते. मग कोणाकडे त्यात सोडे पडतात, कोणाकडे खिमा, कोणाकडे नुसती चणाडाळ. एकाच टोपलीतली भाजी चार घरांत चार चवींची होते. दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्र'मध्ये महिन्यामहिन्याने निसर्ग पाहिला. तुमच्या गल्लीतला निसर्ग टोपलीतून येतो, पण तोही महिन्यामहिन्याने बदलतो. शेवळं, मग टाकळा, मग कुर्डू, भारंगी. कोणती भाजी कोणत्या तारखेला पहिल्यांदा दिसली एवढं जरी वर्षभर लिहिलंत तरी दुसऱ्या वर्षी तुलना करता येईल.

आणि बिशी विसरू नका. घरदार गावी सोडून इथे लूमवर राबणारी हजारो माणसं बिशीत जेवतात. एखादी बाई आपल्या घरातच वीस-पंचवीस जणांचा स्वयंपाक करते, महिन्याचा हिशेब ठेवते, उधारीही सांभाळते. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या आया हेच करतात, आणि कॉलेजात कोणी विचारलं की 'आई घरीच असते' असं तुम्ही सांगता. ती सकाळी किती वाजता उठते, किती भाकऱ्या थापते, कोणता माणूस तिखट खात नाही म्हणून त्याची वाटी आधी काढून ठेवते, हे लिहा. एवढ्या मोठ्या कामाला 'घरीच असते' म्हणू नका.

आईला लिहिता येत नसेल तर तिचं बोलणं तुम्ही लिहून घ्या. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात आणि शेतात काम करता करता त्या ओव्या रचत, आणि मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी त्या कागदावर उतरवून ठेवल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. तो कागद नसता तर आज महाराष्ट्राला त्यांचं नावही माहीत नसतं.

आता प्रेमाबद्दल. यावर जरा थांबून बोलते, कारण चोरून का होईना, सगळ्यांनी विचारलेला प्रश्न हाच आहे.

लिहा. जरूर लिहा. पण नाव लिहू नका. आपल्या गावात एखाद्या मुलीचं नाव कोणाच्या वहीत सापडलं तर मुलाला चार शिव्या बसतात आणि मुलीचं कॉलेज सुटतं. तेव्हा एक अक्षर पुरे, किंवा तेही नको. याच कारणासाठी मी फोनवर नको, कागदावर लिहा म्हणते. घरात फोन चार हातांत फिरतो, आणि फोनवरचं पान एका क्षणात दुसऱ्याकडे जातं. वही फार तर गादीखाली राहते.

रात्री अकरा वाजता कोणाला लांबलचक मेसेज पाठवावासा वाटला तर तो आधी वहीत लिहा. सकाळी वाचा. तरीही पाठवावासा वाटला तर पाठवा. ती नाही म्हणाली तर तिचं 'नाही' तसंच्या तसं लिहा, तारीख टाका, आणि मित्रामार्फत पुन्हा विचारू नका. मुलींनाही सांगते, कोणी तुम्हाला काय खायचं, कुठे जायचं, कोणाशी बोलायचं यावर हुकूम सोडत असेल तर तेही रोज लिहा. महिनाभराची पानं सलग वाचली की ते प्रेम आहे की पहारा, ते कळेल.

आणि चांगलं असेल ते तर लिहाच. गोदामात रातपाळी करणाऱ्या एका मुलाची आणि दिवसा नोकरीला जाणाऱ्या एका मुलीची गाठ फक्त सकाळी शेअर रिक्षाच्या रांगेत पडायची. तो परतताना, ती निघताना. त्याने लिहिलं होतं, 'आज चौथी सीट भरायला अकरा मिनिटं लागली. त्या चौथ्या माणसाचं भलं होवो.' ती कशी दिसते यावर एक शब्द नाही, तिला काय वचन दिलं यावर नाही. नुसती अकरा मिनिटं. ही ओळ मला पाठ झाली आहे.

आईबाबांनो, अम्मी-अब्बू, तुम्हालाही हात जोडून सांगणं आहे. ती वही उघडू नका. मुलगी काही लिहीत बसली की आपल्याला धडकी भरते, मला समजतं. मीही आई आहे. पण चोरून वाचलेली वही दुसऱ्या दिवसापासून खोटी होते, आणि मग तुम्हाला मुलीच्या मनातलं कधीच कळत नाही. त्यापेक्षा जेवताना विचारा, 'आज काय लिहिलंस? सांगण्यासारखं असेल ते सांग.' बहुतेक वेळा ती सांगेल.

आपल्या गावाला ऐकून घेण्याची किंमत माहीत असायला हवी. १९८४ च्या दंगलीनंतर, १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे इथे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान दोन्ही समाजांची साधी माणसं गल्लीगल्लीत एकत्र बसू लागली. नळाच्या पाण्याची तक्रार, पोराचं भांडण, सगळं तिथे निघायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई दंगलीत जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. शेजारच्या घरात आज काय शिजलं आहे ते ज्याला माहीत असतं, त्याला अफवा सांगून भडकवणं कठीण जातं. तुमच्या चार ओळींपैकी एखादी ओळ शेजारच्या घराची असू द्या.

भाषेचं ओझं घेऊ नका. आई ज्या भाषेत ओरडते त्या भाषेत लिहा. कोकणी, आगरी, उर्दू, तेलुगू, भोजपुरी, जी असेल ती, शुद्ध-अशुद्ध न बघता. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचं शिक्षण उर्दू माध्यमात झालं, पण नोकरीच्या परीक्षेसाठी मराठी हवी म्हणून ती मराठी शिकते. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, म्हणून तिची वही एका टोकाने उर्दूत सुरू होते आणि दुसऱ्या टोकाने मराठीत. घरातलं उर्दूत, रस्त्यावरचं मराठीत, असं तिने आपलं आपण ठरवलं आहे. दोन्हीकडून रोज एकेक पान पुढे सरकतं. परवा मोजलं तेव्हा मध्ये अकरा पानं कोरी होती.