गावाविना रान

हौशी निसर्गनिरीक्षकांसाठी प्रवेशिका लिहिण्याची परंपरा दिल्लीत जुनी आहे. नॅशनल बुक ट्रस्टने १९६७ मध्ये सालिम अली आणि लईक फतेहअली यांचे नेहमीच्या पक्ष्यांवरील पुस्तक काढले. उषा गांगुली यांची दिल्ली परिसरातील पक्ष्यांची मार्गदर्शिका १९७५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केली. प्रदीप कृशेन यांचे दिल्लीच्या वृक्षांवरील पुस्तक २००६ मध्ये आले. या ग्रंथांनी शहरी वाचकाला पाहण्याची दृष्टी दिली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांच्या मागोमाग प्रवेशिकांचे जे उदंड पीक आले, आणि ज्यातले बरेचसे अनुवादाच्या वाटेने मराठीत उतरले, त्याने एक घातक सवय रूढ केली. त्यात रान आहे, गाव नाही. वन्यजीव एका फडताळात, ग्रामजीवन दुसऱ्या, अशी ही वाटणी आहे. ती वाचकाच्या सोयीची असेल. वास्तवाशी तिचा संबंध नाही.

नीलगायीचेच उदाहरण घ्यावे. आशियातील सर्वांत मोठे कुरंग, नर निळसर राखाडी, मादी पिंगट, एवढे सांगून प्रवेशिका पान उलटते. गुरुग्रामच्या आसपासच्या शिवारात हा प्राणी हरभऱ्यात शिरतो. विदर्भात त्यालाच रोही म्हणतात आणि त्याच्यापायी शेतकरी रात्र रात्र जागल करतो. नावात ‘गाय’ असल्यामुळे त्याच्यावर हात उचलायला अनेकांचे मन धजत नाही. पीक, श्रद्धा आणि जागरण यांच्या या गुंत्याबाहेर नीलगाय कोठेही राहत नाही. तो गुंता वगळून उरते ते केवळ चित्र.

नावांच्या बाबतीत ही उपेक्षा अधिक बोचते. मेक्सिकोकडून आलेले आणि ब्रिटिश अमदानीत दिल्लीच्या रिजवर लावले गेलेले एक काटेरी झाड आज तेथील मूळ वनस्पतींना जागा उरू देत नाही. उत्तरेत त्याला विलायती कीकर म्हणतात, महाराष्ट्रात वेडी बाभूळ. एका नावात त्याचे परकेपण आहे, दुसऱ्यात त्याचे बेफाम पसरणे. जे समजावण्यास प्रवेशिकेला परिच्छेद लागतो, ते लोकांनी एका शब्दात बांधून ठेवले आहे. तरीही हा शब्द ‘स्थानिक नाव’ म्हणून कंसात ढकलला जातो.

यावर असा युक्तिवाद केला जातो की, बोलीतील नावे दर दहा कोसांवर बदलतात आणि लोकसमजुती अनेकदा खोट्या असतात. पहिले खरे आहे, म्हणूनच शास्त्रीय नाव अपरिहार्य आहे. दुसरेही खरे आहे. साप दूध पितो, घुबड अशुभ असते, या समजुती खोडूनच काढायला हव्यात. पण खोट्या समजुतीच्या धाकाने समजुतीचे कार्य नाकारणे हा निराळाच अडाणीपणा होय. फरिदाबाद जिल्ह्यातील मांगर बनीत अरवलीची धौ वृक्षांची राई टिकली ती आसपासच्या गुर्जर गावांनी बाबांच्या श्रद्धेने तेथे कुऱ्हाड चालू दिली नाही म्हणून. सह्याद्रीतल्या देवरायांचे हेच मर्म वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात अभ्यासाने मांडले. ज्या पुस्तकाला केवळ झाड दिसते आणि राखणदार दिसत नाही, त्याला विज्ञाननिष्ठ तरी कसे म्हणावे?

मराठीला तर ही उसनवारी करण्याचे कारणच नव्हते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ने १९१५ मध्ये गावाची घडण उलगडून दाखविली. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त (१९५६) निसर्ग आणि लोकजीवन एकाच श्वासात येतात. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून हिंडताना आदिवासींकडून शब्द वेचले आणि ‘पक्षिकोशा’त बोलीतील नावांना मान दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद लोकसाहित्याच्या अभ्यासक तारा भवाळकर यांच्याकडे होते. त्याच वर्षी जूनमध्ये चितमपल्ली गेले. लोकविद्येचा सन्मान करणे आणि तिचा जाणकार गमावणे या दोन घटनांत चार महिन्यांचेच अंतर पडले.

हा इशारा समजावा. गुराखी, पारधी, जागल्या यांच्या जिभेवरचे ज्ञान त्यांच्याबरोबर जाते. त्याची दुसरी आवृत्ती निघत नाही. नव्या प्रवेशिकेने पक्ष्याचे चित्र द्यावे, शास्त्रीय नाव द्यावे, आणि तो कोणाच्या बांधावर बसतो हेही सांगावे. एवढेही तिला साधत नसेल, तर तिने स्वतःला निसर्गाची ओळख म्हणवू नये.