पान्यावरचं नाव, पान्यातलं पोलाद

नावाजलेल्या जुन्या कंपनीचं हत्यार मायदेशात बनत होतं तोवर सोनं होतं, कारखाना परदेशी गेला आणि त्याची माती झाली, हे मत कोल्हापूरच्या उद्यमनगरात इतकं पक्कं बसलं आहे की त्याचा पुरावा मागायचं कुणाला सुचत नाही. जुना इंग्लिश रंधा, जुना अमेरिकन पाना, जुनी स्वीडिश पक्कड मेस्त्री लोक पेटीच्या तळाशी जपून ठेवतात आणि त्याच नावाचं नवं हत्यार हातात घेऊन मान हलवतात. मान हलवण्यात चूक नाही, नवं हत्यार पुष्कळदा खरोखरच कमअस्सल असतं. चूक आहे ती त्याचं कारण सांगण्यात. आणि हे चुकीचं कारण कोल्हापूरकरानं उचलून धरावं याचं मला फार वाईट वाटतं, कारण या वादात ज्याला ‘परदेश’ म्हणतात तो परदेश म्हणजे आपणच आहोत.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या वसाहतींतल्या फौंड्र्यांत ओतलेले भाग युरोप-अमेरिकेतल्या इंजिनांत, पंपांत, व्हॉल्व्हांत जाऊन बसतात. तिकडच्या एखाद्या जुन्या कारखान्यानं आपलं ओतकाम बंद करून ते इकडे दिलं, तर तिथला कामगार हेच म्हणणार की माल भारतात गेला, आता संपलं. ते आपल्याला मान्य आहे का? मान्य नसेल तर दुसऱ्या देशाच्या शिक्क्याकडे बघून तेच वाक्य आपणही म्हणू नये.

पूर्वपक्ष मात्र हलका नाही. त्याचं म्हणणं असं: हत्याराची गुणवत्ता नकाशात मावत नाही. पोलादाला पाणी द्यायचं ते कोणत्या रंगाला, कोणता डाय किती ठोक्यांनंतर बदलायचा, कोणता आवाज आला की समजायचं आत तडा आहे, हे पिढ्यान्‌पिढ्या एका गावात साठलेलं ज्ञान असतं. कारखाना हलवताना यंत्रं जहाजात चढतात, माणसं चढत नाहीत. यातलं शेवटचं वाक्य अगदी खरं आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही, कारण तारखा त्याच्या विरुद्ध जातात.

अमेरिकेतल्या न्यू ब्रिटनच्या स्टॅन्ले कंपनीनं लेनर्ड बेलीचा रंध्यांचा व्यवसाय १८६९ साली घेतला आणि पुढे जगभरच्या सुतारांनी वाखाणलेले रंधे बनवले. आज जुने रंधे शोधणारा जाणकार सुतार दुसऱ्या महायुद्धाआधीचा रंधा मागतो. महायुद्धानंतरचा का नको? युद्धानंतरही तो बरीच वर्षं अमेरिकेतच बनत होता. कंपनी तीच, गाव तेच, कामगारांत बापाजागी लेक आलेला. तरी शिसवी मुठी जाऊन साध्या रंगवलेल्या लाकडाच्या आणि पुढे प्लॅस्टिकच्या मुठी आल्या, तासून बसवलेल्या सुट्या भागांच्या जागी दाबून काढलेले पत्र्याचे भाग आले. कारण उघड होतं. धंदेवाईक सुतार विजेच्या यंत्रांकडे वळला होता, हाताचा रंधा घेणारा उरला तो घरी वर्षातून दोनदा दार घासणारा. त्याला चांगल्या-वाईटाची पारख नव्हती, किमतीची होती. घसरण घरातच झाली, समुद्र ओलांडायच्या कितीतरी आधी.

ती घसरण नेमकी कुठून आत शिरते, हे कोल्हापूरच्या ओतकामवाल्याला कुणी शिकवायला नको. रंध्याचा सांगाडा बिडाचा असतो, भिंती पातळ, तळ लांब. साच्यात रस ओतला की पातळ भाग आधी थंड होतात, जाड मागाहून. या ओढाताणीत बिडाच्या पोटात ताण अडकून राहतो. मशीनवर वरची कातडी काढली की त्या ताणाचा तोल बिघडतो आणि आज सरळ दिसणारा तळ काही महिन्यांनी कागदभर वाकतो. कागदभर वाकलेल्या रंध्यानं लाकडाचा पातळ, अखंड पापुद्रा निघत नाही. यावर नेहमीचे उपाय दोन: कास्टिंग आवारात महिनोन्‌महिने नुसतं पडू द्यायचं, नाहीतर भट्टीत पाच-सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तासन्‌तास हळूहळू उतरवायचं. पहिल्यात भांडवल अडकतं, दुसऱ्यात वीज आणि वेळ जातो. खर्च कापायला बसलेल्या माणसाची नजर पहिल्यांदा याच तासांवर जाते, कारण ते कापले तरी दुकानातल्या काचेमागे हत्यार अगदी तसंच दिसतं. ते तास न्यू ब्रिटनमध्ये कापले, शेफील्डमध्ये कापले किंवा शिरोलीत कापले, तरी तळ वाकणारच.

पोलादाचंही तसंच. कानशीचे दात पाडून झाल्यावर ती तापवताना दातांच्या टोकांवरचा कार्बन जळू नये म्हणून आधी लेप द्यावा लागतो. लेप हलगर्जीपणे दिला तर टोकं मऊ पडतात, आणि पहिल्या आठवड्यातच कानस कापायच्याऐवजी घसरायला लागते. आंबा घाट उतरून रत्नागिरीला, तिथून चिपळूणला जा. रेमंड समूहानं उभारलेले जे. के. फाइल्सचे कारखाने तिथं आहेत, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या कानस-उत्पादकांत त्यांची गणना होते. दात मऊ पडणं हा कोकणातल्या हवेचा गुण असता तर ही गणना झालीच नसती.

याच्या उलट टोकाचं मतही अलीकडे ऐकू येतं आणि तेही मला तितकंच घातक वाटतं. आता सगळीकडे सीएनसी, नकाशा एकच, पोलादाचा दर्जा कागदावर एकच, मग कुठंही बनवा, फरक पडत नाही, असं खरेदी खात्यातली माणसं बोलतात. फरक पडतो. एक पाना घ्या. जबडा अर्धा उघडा आणि बोटांनी बाजूला हलवून बघा किती डगमगतो. दोन्ही जबडे मिटत आणा आणि उजेडासमोर धरा, फट सगळीकडे सारखी आहे का पाहा. मग जबड्याच्या कडेवर चांगली कानस हलकेच ओढा: जेमतेम चावली तर पाणी नीट बसलंय, सहज चावली तर पोलाद मऊ राहिलंय. या तिन्ही गोष्टी नकाशात लिहिलेल्या असतातच. पण प्रत्येक खेपेला त्या तपासायच्या आणि नापास माल भंगारात टाकायचा, हा अधिकार आणि ही हिंमत नकाशात लिहिता येत नाही. तो अधिकार भट्टीशेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे आहे की हजारो मैलांवर दर ठरवणाऱ्याकडे, यावर सगळं ठरतं.

म्हणून ज्यांनी स्थलांतर करूनही दर्जा राखला, त्यांच्याकडे नीट पाहावं. अमेरिकेतल्या अ‍ॅथॉलची, १८८० साली स्थापन झालेली स्टॅरेट ही मोजमापाची साधनं बनवणारी कंपनी १९५६ पासून ब्राझीलमध्ये स्वतःचा कारखाना चालवते. जर्मन ‘वेरा’चे स्क्रू ड्रायव्हर चेक प्रजासत्ताकात बनतात आणि जगभरचे कारागीर ते पैसे मोजून घेतात. दोघांनीही काम सर्वांत कमी दर भरणाऱ्याला वाटून न देता आपल्याच कारखान्यात ठेवलं.

आपल्या जवळचं उदाहरण याहून बोलकं आहे. बदलत्या मापाचा पाना आजच्या रूपात योहान पेटर योहानसननं स्वीडनमधल्या एन्शोपिंगला घडवला, त्याचं पेटंट १८९२चं. तो पाना ज्यांनी जगभर नेला त्या बी. ए. योर्थ कंपनीच्या आद्याक्षरांवरून ‘बाको’ हे नाव पडलं. त्याच स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं नाशिकच्या टपारिया टूल्सनं १९६९ साली हातहत्यारं बनवायला सुरुवात केली, आणि नाशिकची पक्कड आज गावोगावच्या वायरमनच्या खिशात आहे. इथं विद्या समुद्रापार आली आणि टिकली. का टिकली? माझ्या मते, कारण ती घेणाऱ्यानं पक्कडीवर स्वतःचं नाव घातलं. पक्कड तुटली तर शिव्या स्वीडनला नव्हे, नाशिकला बसणार होत्या.

आणि कारखाना मायदेशी परत आणला की सगळं जुळून येतं, हा भ्रमही सोडावा. अमेरिकेतला ‘क्राफ्ट्समन’ हा शिक्का १९२७चा. स्टॅन्ले ब्लॅक अँड डेकरनं तो २०१७ साली सुमारे ९० कोटी डॉलरला घेतला आणि पाने-सॉकेट पुन्हा अमेरिकेत बनवण्यासाठी टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला स्वयंचलित कारखाना काढायचं २०१९ साली जाहीर केलं. यंत्रणा अपेक्षेप्रमाणे चाललीच नाही आणि २०२३ साली कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. मायभूमी होती, पैसा होता, झेंडा होता. मधल्या वर्षांत विस्कटलेली माणसांची घडी मात्र नव्हती, आणि ती पैशानं दोन-चार वर्षांत बसवता येत नाही.

यावर कोल्हापुरात हमखास येणारा आक्षेप चपलेचा. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन आपण २०१९ साली मिळवलं ते ‘जागा महत्त्वाची’ म्हणूनच ना? हो, आणि ते योग्यच झालं. पण मानांकनानं काय बांधलं ते पाहा. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांच्या हाताशी ते नाव बांधलं गेलं. ते नाव कुणा एकाला विकून टाकता येत नाही. कंपनीच्या शिक्क्याचं उलट आहे. शिक्का मालकाचा असतो. मालक तो विकू शकतो, भाड्यानं देऊ शकतो, आणि ज्यांनी त्याला किंमत मिळवून दिली त्या सगळ्यांना घरी पाठवून उद्या भलत्याच मालावर उठवू शकतो. जुन्या हत्यारांच्या घसरणीचं मूळ या मोकळिकीत आहे. चपलेचा दाखला म्हणून माझ्याच बाजूनं पडतो.

परक्याचं तंत्र घेऊन उत्तम वस्तू घडवण्याबद्दल तर या गावानं न्यूनगंड बाळगायचं काहीच कारण नाही. बाबूराव पेंटर आणि दामले यांनी १९१८च्या सुमारास इथंच सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि त्यावर चित्रपट काढले. शेतीच्या ऑइल इंजिनांपासून मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत आपल्या मेस्त्रींनी जे पाहिलं ते घडवलं.

कोल्हापुरातून बाहेर जाणाऱ्या चांगल्या कास्टिंगवर गिऱ्हाइकाच्या नावाबरोबर पुरवठादाराची खूण आणि हीट नंबर असतो. भाग फुटला तर कोणत्या फौंड्रीतल्या कोणत्या दिवशीच्या कोणत्या रसातून तो आला, हे सांगता येतं. हातहत्यारांवर हे का नसावं? देशाच्या नावानं गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. एका देशात शंभर भट्ट्या असतात, दहा उत्तम, वीस भिकार. कंपनीनं पान्याच्या दांड्यावर कारखान्याची खूण आणि खेपेचा नंबर ठोकावा, आणि पोलादाचा कठीणपणा किती तो डब्यावर छापावा. आपल्या उद्योजक संघटनांनी ही मागणी भारतीय मानक ब्यूरोकडे लावून धरावी, आणि इथं व्हाइस किंवा क्लॅम्प ओतणाऱ्यांनी सक्तीची वाट न बघता स्वतःपासून सुरुवात करावी. हीट नंबरची सवय त्यांच्या हाताला आहेच, साच्यात चार अक्षरं वाढवायला खर्चही फारसा येत नाही.