धुराची घंटा आणि कागदाची हमी

घराला एखादी खोली वाढविणे ही कुटुंबाच्या भरभराटीची खूण मानली जाते. इंग्लंडमध्ये परसाच्या बाजूने स्वयंपाकघर वाढवून घेणे किंवा माळ्याचे शयनगृह करणे ही मध्यमवर्गीयांच्या जीवनातील नेहमीची गोष्ट आहे. मागच्या बाजूची एकमजली वाढ स्वतंत्र घराला ४ मीटर आणि शेजारघराला भिडलेल्या घराला ३ मीटर अशा मर्यादेत असली, व इतर अटी पाळल्या, तर तिला नियोजनाची वेगळी परवानगी सहसा लागत नाही. परवानगी नको म्हणजे नियमही नकोत, असा सोयीचा समज त्यातून पसरतो. वस्तुतः नियोजनाची परवानगी आणि बांधकामाचे नियम या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचा संबंध घर कोठवर पसरावे याच्याशी आहे. दुसरीचा, आग लागल्यास माणसे त्यातून जिवंत कशी बाहेर पडतील याच्याशी.

या दुसऱ्या नियमांतील एक मुद्दा वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. वाढविलेली राहण्याची खोली वरच्या मजल्यावर असेल, किंवा तळमजल्यावर असूनही तिच्यातून थेट बाहेर जाण्याचा दरवाजा नसेल, तर घरात धुराची सूचना देणारी यंत्रणा, म्हणजे स्मोक अलार्म, बसवावी असे तेथील अधिकृत मार्गदर्शिका सांगते. ही यंत्रणा केवळ नव्या खोलीपुरती नाही. जुन्या घरातील प्रत्येक मजल्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर किमान एक अलार्म हवा, तो प्रत्येक राहत्या खोलीच्या दारापासून साडेसात मीटरच्या आत हवा, त्याला घरच्या विजेचा पुरवठा आणि वीज गेल्यास बॅटरीचा आधार हवा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सारे अलार्म एकमेकांशी जोडलेले हवेत. एक वाजला की सगळे वाजले पाहिजेत.

या अटीमागील तर्क साधा आहे. घर जसे लांबते तसे आग लागण्याचे ठिकाण आणि माणसे झोपण्याचे ठिकाण यांतील अंतर वाढते. मागच्या नव्या स्वयंपाकघरात किंचाळणारी घंटा दोन बंद दारांपलीकडे, वरच्या मजल्यावर गाढ झोपलेल्या मुलापर्यंत पोहोचेलच असे नाही. घरच्या आगीत ज्वाळांपेक्षा धूर व विषारी वायू आधी घात करतात, आणि झोपेत घ्राणेंद्रियावर विसंबता येत नाही. म्हणजे खोली वाढविणारा केवळ जागा वाढवीत नाही, तर जुन्या घराचा धोकाही वाढवितो. नव्या कामाच्या निमित्ताने जुन्या घरालाही नियम लागू करण्यात काही अन्याय नाही.

या यंत्रणेच्या रचनेत मानवी स्वभावाची जाण दिसते, हे मुद्दाम नोंदविण्यासारखे आहे. धूर ओळखणारा अलार्म स्वयंपाकघरात बसविला तर मिरचीच्या पहिल्याच फोडणीला तो बोंब ठोकील, आणि आठवड्याभरात घरातील कोणीतरी स्टुलावर चढून त्याची बॅटरी काढून ठेवील. म्हणून स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णता ओळखणारा अलार्म बसवितात. तसेच अलार्मला रोजच्या वापरातील दिव्यांच्या मंडलावरूनच वीज देण्याची मुभा आहे. घंटेची वीज बंद पडली तर महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येणार नाही. दिवा लागला नाही तर त्याच रात्री तारतंत्र्याला बोलावणे जाते. माणसाच्या सद्‌गुणावर न विसंबता त्याच्या सोयीवर विसंबणारा नियमच टिकाऊ ठरतो.

प्रश्न उपस्थित होतो तो पुढच्या टप्प्यावर, प्रमाणपत्राच्या. यंत्रणा बसविणारा तारतंत्री आपले काम प्रमाणकानुसार झाल्याचे प्रमाणपत्र स्वतःच देतो. इंग्लंडमध्ये २००५ पासून घरगुती विद्युत्कामास बांधकाम नियम लागू झाले, आणि मान्यताप्राप्त योजनेत नोंदलेल्या कारागिराला आपल्या कामाची ग्वाही आपणच देण्याची मुभा मिळाली. २०१३ मध्ये कळविणे बंधनकारक असलेल्या कामांची यादी आखूड करण्यात आली. नवे मंडल ओढले तर ते कळवावे लागते. अस्तित्वात असलेल्या मंडलाला चार अलार्म जोडले तर सामान्यतः नाही. त्यानंतर बांधकाम नियंत्रणाचा अधिकारी संपूर्ण वाढीव बांधकाम पाहून पूर्ततेचा दाखला देतो. मात्र हा अधिकारी नगरपालिकेचाच असावा असे नाही; खासगी तपासनीसही चालतो. त्याची निवड घरमालक किंवा त्याचा कंत्राटदार करतो, आणि शुल्कही तोच देतो.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की विकणाऱ्याला मालाची अवस्था ठाऊक आणि घेणाऱ्याला ठाऊक नाही, अशा बाजारात चांगला माल हळूहळू हद्दपार होतो. यावरील एक उतारा म्हणजे तटस्थ त्रयस्थाची ग्वाही. पण त्रयस्थाचे पोटच ज्याची तपासणी करायची त्याच्या हाती असेल, तर ग्वाही हाही एक माल बनतो, आणि लवकर व स्वस्त दाखला देणारा अधिक गिऱ्हाइके मिळवितो. १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर डेम ज्युडिथ हॅकिट यांनी २०१८ च्या अहवालात, बांधणाऱ्यानेच आपला नियंत्रक निवडावा या पद्धतीवर नेमके बोट ठेवले. २०२४ पासून खासगी तपासनिसांना नव्या नियामकाकडे नोंदणी करावी लागते. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला आलेल्या ग्रेनफेल चौकशीच्या अंतिम अहवालाने, व्यापारी हितसंबंध असलेल्यांनी हे काम करावे काय, याचाच विचार स्वतंत्र मंडळाने करावा अशी शिफारस केली.

कागदाने सुरक्षिततेची जागा कशी बळकाविली याचा आणखी बोलका पुरावा घरविक्रीच्या वेळी मिळतो. घेणाऱ्याचा वकील वाढीव खोलीचा पूर्ततेचा दाखला मागतो. तो नसेल तर पालिकेकडून मागाहून तपासणी करवून काम नियमित करून घेण्याची सोय आहे. पण तीत छत उकलण्याची वेळ येऊ शकते. त्यापेक्षा एक सोपी वाट बाजाराने काढली आहे: एक विमापत्र घ्यायचे. पालिकेने पुढे कारवाई केली तर होणारे नुकसान विमा कंपनी सोसेल. या व्यवहारात वकील, विकणारा, घेणारा आणि कर्ज देणारी बँक सारेच निश्चिंत होतात. मात्र विमा उतरविलेला असतो तो सरकारी नोटिशीविरुद्ध, धुराविरुद्ध नव्हे. छतावर घंटा नाही ती नाहीच.

यावर असे म्हटले जाईल, की प्रत्येक नियमाने खर्च वाढतो आणि घर ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. खर्चाचा मुद्दा फारसा टिकत नाही. स्कॉटलंडने १ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या-जुन्या प्रत्येक घराला परस्परांशी जोडलेले अलार्म बंधनकारक केले, तेव्हा तेथील सरकारने तीन शयनगृहांच्या घराचा सर्वसाधारण खर्च सुमारे २२० पौंड धरला होता. वाढीव खोलीच्या खर्चापुढे ही रक्कम नगण्य आहे. खासगीपणाचा मुद्दाही अपुरा आहे. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत एकाच्या निष्काळजीपणाची किंमत शेजारी, भाडेकरू, मुले आणि अग्निशामक जवान मोजतात. जेथे खर्च एकाने वाचवायचा आणि धोका इतरांनी पत्करायचा, तेथे सक्ती समर्थनीय ठरते.

ही केवळ परक्यांची कहाणी समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने ज्या इमारतींवर जबाबदारी टाकली आहे, त्यांच्या मालकांनी वा भोगवटादारांनी यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा सादर करावयाचे असते. ते देते परवानाधारक संस्था. तिची निवड आणि तिचे बिल मालकाकडे किंवा गृहनिर्माण सोसायटीकडे. रोग तोच आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेत सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम मिळते, आणि त्या दरात जिना चढून प्रत्येक मजल्यावरील यंत्रणा तपासणे बसते काय, हे क्वचितच विचारले जाते.

उपायही फार अवघड नाही. तपासनिसाची निवड मालकाने न करता अग्निशमन दलाने पाळीपाळीने करावी आणि शुल्क एका सामाईक निधीत जमा व्हावे. दिलेल्या प्रमाणपत्रांपैकी काहींची पूर्वसूचनेशिवाय फेरतपासणी व्हावी आणि खोटी ग्वाही देणाऱ्याचा परवाना जावा. याहून सोपी एक कसोटी कोणत्याही रहिवाशाच्या हाती आहे. परस्परांशी जोडलेल्या अलार्मपैकी एकावरचे कळबटण दाबले असता बाकीचे सारे वाजले पाहिजेत. ही चाचणी रहिवाशाच्या डोळ्यांदेखत झाल्याखेरीज दाखल्यावर सही होऊ नये. कारण रात्री दोन वाजता धूर दाराखालून आत येतो, तेव्हा तो दाखला पाहत नाही.