शिबिर उठतं, हात तसाच राहतो

आमच्या आत्तीला उजव्या अंगाचा लकवा होऊन तेव्हा दहा महिने झाले होते. बेळगावजवळच्या बेळगुंदीच्या शाळेत आरोग्य शिबिर आहे असं कळलं, म्हणून तिला रिक्षात बसवून नेलं. रक्तदाब मोजला, साखर तपासली, दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि कागदावर ‘हाताचा व्यायाम करावा’ असं लिहून दिलं. घरी येऊन ती उंबऱ्याशी बसली आणि मला म्हणाली, “व्यायाम नको सांगू मला. भाकरी कशी थापायची ते सांग.”

मी व्यवसायोपचार शिकलेली. मोडलेल्या, लुळ्या पडलेल्या, थरथरणाऱ्या माणसाला त्याच्या रोजच्या कामाकडे परत नेणं हे माझं शास्त्र. तरी त्या दुपारी मला चटकन उत्तर देता आलं नाही, कारण मी जिथे शिकले त्या खोलीत खुंट्यांचे फळे होते, रबरी चेंडू होते, पण परात नव्हती. तेव्हापासून गावातल्या आरोग्य कार्यक्रमांविषयी जे जे ऐकत आले, त्यातल्या बऱ्याच गोष्टींशी माझं भांडण आहे. ते इथे मांडते.

पहिला घोटाळा नावातच होतो. व्यवसायोपचार म्हटलं की लोक विचारतात, कुठला धंदा शिकवता? शिवणकाम की मेणबत्त्या? इथला ‘व्यवसाय’ म्हणजे माणूस सकाळी उठल्यापासून ज्या ज्या गोष्टीत गुंतलेला असतो ते सगळं. तोंड धुणं, लुगडं नेसणं, गुरांना वैरण टाकणं, पारायणाला मांडी घालून बसणं, नातवाला आंघोळ घालणं. जन्मानं अमेरिकन आणि लग्नानं मराठी झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९४७ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात हे काम सुरू केलं, १९५० मध्ये तिथेच शिक्षणाची शाळा काढली. १९५२ मध्ये या शास्त्राची जागतिक संघटना उभी राहिली तेव्हा भारत तिच्या संस्थापक देशांपैकी एक होता. म्हणजे हे खूळ काल-परवा बाहेरून आलेलं नाही. मुंबईच्या परळात रुजून त्याला पाऊणशे वर्षं होऊन गेली. परळाहून बेळगुंदीला मात्र ते अजून यायचं आहे.

ते येऊ नये असं म्हणणारे लोक वाईट नाहीत. त्यातले काही माझ्या जिव्हाळ्याचे आहेत. त्यांचा पहिला मुद्दा असा: खेड्यात अजून वेळेवर डॉक्टर मिळत नाही, गोळ्या मिळत नाहीत, आणि तुम्ही हाताच्या बोटांचं काय घेऊन बसलात? लकवा वगैरे शहरातल्या बसक्या माणसांचे आजार. आधी साथी, बाळंतपणं, मग हे.

हे म्हणणं पंचवीस वर्षांपूर्वी मीही मान्य केलं असतं. आता करता येत नाही. गडचिरोलीच्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं ‘सर्च’ या संस्थेच्या अभ्यासकांनी घरोघरी जाऊन नोंदली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. ज्या मुलखात मलेरिया आणि कुपोषणाचीच नावं आपण ऐकत आलो, तिथे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं पक्षाघात. दर सातांतला एक मृत्यू त्याचा. आणि हे झाले गेलेले. जे वाचतात आणि पुढची पंधरा वर्षं माजघरातल्या खाटेवर काढतात, ते या मोजणीत येत नाहीत.

बाळंतिणीशी तुलना करून बघा. बाळ जन्मलं की आशाताई बेचाळीस दिवसांत सहा-सात वेळा त्या घरी जाते. कुठल्या दिवशी जायचं, काय बघायचं, काय लिहायचं, सगळं ठरलेलं. या पद्धतीचं मूळही गडचिरोलीतच, ‘सर्च’च्या बंग दांपत्यानं गावातल्या बायकांना शिकवून उभ्या केलेल्या कामात आहे. त्याच गल्लीत लकवा होऊन रुग्णालयातून परत आलेल्या माणसाच्या घरी बेचाळीस दिवसांत कोण जातं? सोयरे जातात, बिस्किटाचा पुडा ठेवतात, “बाहेरचं काही झालं असेल, बघा” असं सांगून उठतात. खांद्यात अजून ताकद आलेली नसते आणि घरचे त्याच हाताला धरून ओढून उठवतात. खांदा निसटतो, दुखायला लागतो, मग माणूस हात हलवूच देत नाही. हे टाळायला एमआरआय लागत नाही, वेळेवर सांगणारं माणूस लागतं.

आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात हे दुखणं आणखी वेगळ्या तऱ्हेनं चिघळतं. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना इथल्या ८६५ गावांपर्यंत नेण्याचं ठरवलं, कर्नाटकानं हरकत घेतली. कागद कुणाचा, अधिकार कुणाचा यावर बोलणं झालं, आणि ते व्हायलाच हवं, या मातीत तो प्रश्न खरा आहे. पण दोन्ही बाजूंचा सगळा जोर रुग्णालयाच्या दारापर्यंतच. रुग्णालयातून घरी परतल्यावर त्या बाईचं काय, हे ना बेंगळुरूत विचारलं गेलं ना मुंबईत.

दुसरा मुद्दा मला जास्त टोचतो, कारण तो कौतुकाच्या सुरात येतो. “आमच्या बायका दिवसभर राबतात, त्यांना कसला वेगळा उपचार? काम हाच व्यायाम.” असं म्हणणाऱ्यानं एकदा निपाणीत विडी वळणाऱ्या बाईच्या शेजारी तासभर बसावं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पत्र्याचं माप ठेवून पान कात्रीनं कापायचं, चिमूट भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, टोक मुडपायचं. मजुरी हजार विड्यांवर. म्हणजे तीच चिमूट, तोच पीळ, अंगठ्याचा तोच दाब दिवसात हजार वेळा, मान खाली घालून. याला व्यायाम म्हणणं म्हणजे बैलाच्या खांद्यावरच्या घट्ट्याला दागिना म्हणण्यासारखं आहे. बेळगुंदीकडे पाऊस लागला की भाताची रोपलावणी, मग रताळ्याच्या वेलांची लागण. वाकलेली कंबर संध्याकाळी सरळ होत नाही हे इथे इतकं ठरून गेलंय की कुणी ते दुखणं म्हणून सांगतच नाही.

माझं शास्त्र इथे काम सोडा असं म्हणत नाही. काम सोडून खायचं काय? ते विचारतं, सूप मांडीवरून उतरवून चौरंगावर ठेवलं तर मान किती कमी वाकेल? पाठ भिंतीला टेकवता येईल का? कात्रीच्या कड्यांना चिंधी गुंडाळली तर अंगठ्याचा घट्टा वाचेल का? विड्यांच्या दर चार कट्ट्यांनंतर हात झटकून बोटं ताणायची, हे बायका एकमेकींना आठवण देत करतील का? यातल्या एकाही गोष्टीला खर्च नाही. पण ती बाईबरोबर बसूनच ठरवावी लागते. व्यासपीठावरून सांगून ती होत नाही.

आता तिसरा मुद्दा, आणि इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशीही बोलायचं आहे. “घरची माणसं आहेत की. त्यांना दोन दिवस शिकवलं की झालं, तज्ज्ञ कशाला?” आम्ही समाजात जाऊन काम करणारेही हे फार सैलपणे बोलत आलो. मग भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर नीट चाचणी झाली. पक्षाघाताच्या रुग्णांच्या घरच्यांना रुग्णालयातच शिकवलं, पुढे काही भेटीही दिल्या. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक नाही. शिकवलेल्यांच्या घरातही तितकेच रुग्ण परावलंबी.

हा निकाल हाती घेऊन काही जण म्हणतात, बघा, पुनर्वसन निरुपयोगी. मी तो वेगळा वाचते. त्यातून इतकंच ठरतं की थकलेल्या घरावर आणखी एक जबाबदारी टाकून आपण निघून आलो तर काही बदलत नाही. घरातली सून सकाळी शेतावर जाते, मुलगा बेळगावला कामावर. ज्या घरात औषध वेळेवर द्यायला माणूस नाही, तिथे दिवसातून दोनदा व्यायाम कोण घेणार? याउलट प्रशिक्षित व्यवसायोपचारतज्ज्ञ घरी जाऊन जेवणं, कपडे घालणं, आंघोळ अशा प्रत्यक्ष कामांवर रुग्णाबरोबर मेहनत घेतात तेव्हा ती कामं सुधारतात, असा परदेशातल्या चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांचा कौल आहे. तो पुरावा पोलादी नाही हेही त्याच आढाव्यांत लिहिलंय. पण दिशा दाखवायला पुरेसा आहे. तज्ज्ञ हवाच. तो रोज येणार नाही, म्हणून गावात राहणारा शिकलेला माणूसही हवा. घरचे या दोघांच्या जोडीला.

असा माणूस कर्नाटकात आधीच नेमलेला आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? ग्रामीण पुनर्वसन योजनेखाली इथे प्रत्येक ग्रामपंचायतीला एक पुनर्वसन कार्यकर्ता असतो, तालुक्याला त्यांच्यावर एक. आणि हे कार्यकर्ते स्वतः दिव्यांग असतात. मला या योजनेविषयी मनापासून आदर आहे. पण त्यांचा दिवस जातो प्रमाणपत्रं, मासाशन आणि ओळखपत्रांच्या मागे. अर्ज कानडीत, घर मराठी, मधे हा भरडला जाणारा तरुण. त्याला लकव्याच्या माणसाला कसं उठवायचं, सदरा घालताना आधी लुळा हात आणि काढताना आधी चांगला हात, कुबडीची उंची कशी मोजायची, एवढं कुणी बसून शिकवलं तर? जामखेडला आरोळे दांपत्यानं १९७० नंतर निरक्षर बायकांकडून आरोग्याचं काम करून घेतलं. मग दहावी झालेल्या आणि स्वतः दिव्यांगपण जगलेल्या तरुणाला हे येणार नाही असं कोण म्हणतो?

शिकवणारी भाषा मात्र घरातली पाहिजे. ‘पकड सुधारली का’ याला आत्तीकडे उत्तर नाही. ‘तांब्या उचलतेस का’ याला आहे.

राहिला पैशांचा मुद्दा. “निधी संपला की कार्यक्रम संपतो,” असं सांगतात. खरं आहे, मी ते डोळ्यांनी पाहिलंय. याच पट्ट्यातल्या एका गावात एका संस्थेनं तीन वर्षांचा प्रकल्प आणला होता. चालायला शिकवणारे लोखंडी कठडे बसवले, फीत कापली. प्रकल्प संपला, गाडी यायची थांबली. मी गेले तेव्हा त्या कठड्यांच्या मधे भाताची पोती रचलेली होती आणि ज्या आजींसाठी ते आणले त्या दोन घरं पलीकडे भिंतीला धरून परसात जात होत्या. कुणाला दोष द्यावा? कठडे गावानं मागितलेच नव्हते. आजींना परसाच्या वाटेवर दोरी हवी होती.

सरकारी पैशाचंही तेच. विडी कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा १९७६ चा, त्याचा आधार विड्यांवरचा उपकर. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि उपकर गेला. एकाच नळावर विसंबलेला कार्यक्रम नळासकट जातो. म्हणून मी म्हणते, कार्यक्रम लहान ठेवा आणि गावात जे आधीच चालू आहे त्याच्या पाठीवर बांधा. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. त्यातून वर्षाला चार आंघोळीचे स्टूल, दहा कुबड्या आणि सुताराची मजुरी सहज निघते. आणि लोकांच्या बळावर शंका घेणाऱ्यांना मी बेळगुंदी, कडोली, उचगावची साहित्य संमेलनं दाखवीन. सरकारचं पाठबळ नसताना वर्गणी काढून ही गावं वर्षानुवर्षं मंडप घालतात, पाहुण्यांना जेवू घालतात. जे गाव भाषेसाठी हे करतं त्याला आठवड्यातून एक वार आपल्याच पडलेल्या माणसांसाठी काढता येणार नाही, हे मी मानायला तयार नाही.

आत्तीच्या प्रश्नाचं उत्तर पुढे तिच्याच घरात सापडलं. परातीखाली ओलं फडकं घातलं, परात सरकायची थांबली, डाव्या हातानं भाकरी थापली गेली. पहिल्या आठवड्यात तुटायची, नंतर नाही. पुस्तकात एका हातानं चिरण्यासाठी खिळे मारलेली फळी सांगितली आहे. आमच्याकडे इळी होतीच, पातं स्थिर आणि भाजी हातात. फक्त जमिनीवर बसणं जमेना, म्हणून सुतारानं ती बाकावर ठोकून दिली. यंदा वेल लावायच्या दिवसांत आत्ती बाकाशी बसून रताळ्याच्या वेलांचे तुकडे करत होती. उजवा हात मांडीवर. तो अजून उघडत नाही, कदाचित उघडणारही नाही.

आमच्या या कामात सध्या तीन घरं आहेत आणि गुरुवार ठरलेला आहे. कुबडी घेऊन पुनर्वसन कार्यकर्ता येतो, महिन्यातून एकदा मी. वहीत रक्तदाबाच्या शेजारी एक रकाना आहे: या आठवड्यात कुठलं काम स्वतः केलं? तिसऱ्या घरातले आजोबा पखवाज वाजवायचे. लकवा झाल्यापासून ते कुणाला भेटत नाहीत, दोनदा आम्ही ओट्यावरूनच परतलो. या गुरुवारी त्यांच्या भजनी मंडळातल्या एका टाळकऱ्याला बरोबर नेतोय.