पट्टी काय सांगते, काय सांगत नाही

परवा पोलादपूरला ताईकडे गेलो होतो. घरात नेहमीचा गलबला नव्हता. भाचा महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत कॉन्ट्रॅक्टरमार्फत लागणार होता. मेडिकलला लघवी तपासली, गांजा 'पॉझिटिव्ह' आला आणि दुसऱ्या दिवशी जागा दुसऱ्याला गेली. "मामा, शप्पथ, मी हातसुद्धा लावलेला नाही," तो म्हणाला. खरं सांगतो, मीही आधी त्याचे डोळे लाल आहेत का तेच पाहिलं. त्याची लाज वाटली, म्हणून हे लिहितोय.

ही पहिली तपासणी बहुधा पट्टीवर होते. कोविडच्या किटच्या अगदी उलट, इथे रेघ उमटली नाही की पॉझिटिव्ह! मर्यादा साधारण मिलिलिटरमागे ५० नॅनोग्रॅम. पण पट्टी नशा मोजत नाही. गांजा शरीरात मोडून जे उरतं ते शोधते, आणि ते हळूहळू बाहेर पडतं. एखाद्याच वेळी घेतलेल्याच्या लघवीत काही दिवस, रोज ओढणाऱ्याच्या महिनाभरही सापडतं. म्हणजे शिमग्याला भांग प्यालेला दोन दिवसांनी पूर्ण शुद्धीत आला तरी अडकू शकतो. आणि सकाळीच दारू ढोसून आलेला? या पट्टीवर तो दिसतच नाही.

शिवाय पट्टी चुकते. पॅन्टोप्राझोल या ॲसिडिटीच्या गोळीने गांजाची खोटी पॉझिटिव्ह आल्याच्या नोंदी आहेत. भाचा दोन महिने तीच गोळी घेतोय. त्याला कुणी विचारलंच नाही. म्हणूनच जीसी-एमएससारख्या यंत्रावर खात्री करून घ्यायची असते. डीजीसीएने ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिकांची तपासणी सुरू केली, तिथे ही दुसरी तपासणी नियमातच आहे. मग कॉन्ट्रॅक्टरच्या पोराला ती का नाही?

तपासणीच नको असं माझं म्हणणं नाही. रिॲक्टरजवळ नशेतला माणूस नकोच, एकाच्या चुकीने दहाजण जातात. पण निव्वळ पट्टीवर कुणाची रोजीरोटी तोडू नये.

असो. गोळीमुळेच झालं का, हे आता कळणार नाही. नमुना टाकून दिला, हातात रिपोर्टही दिला नाही. तुमच्या घरातलं कुणी मेडिकलला जाणार असेल तर चालू गोळ्यांची यादी आधीच लिहून द्या आणि वेळ आलीच तर दुसरी तपासणी लेखी मागा. आम्हाला हे उशिरा कळलं.